लिंबाच्या पश्चिमेचा चर

लिंब पडला तेव्हा तो हिरवागार होता. नंतर कितीतरी दिवस मी भेटेल त्याला हेच सांगत होते. वाळलेलं झाड पडतं, पोखरलेलं झाड पडतं, हे मला कळत होतं. पण अंगावर पानं मावत नाहीत असं झाड दुपारी चारच्या सुमाराला मुळासकट आडवं होतं, हे डोळ्यांनी बघूनही मला खरं वाटत नव्हतं.

आमच्याकडं कडुनिंबाला नुसतं लिंब म्हणतात. हा लिंब मुकुंदवाडी स्टेशनापासून थोडं आत, एका नव्या वसाहतीच्या तोंडाशी होता. दोन माणसांनी हात धरून कवेत घेतला तरी तो पुरता मावत नसे. मी तेव्हा बावीस वर्षांची. डिप्लोमा झाला होता आणि एका ठेकेदाराकडं साइटवर देखरेख करायला लागले होते. दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे, जायकवाडीचं पाणी पार आत सरकलं होतं, आणि टँकरचा हॉर्न ऐकला की बायका हातातलं काम टाकून घागरी घेऊन धावायच्या. शहर मात्र वाढतच होतं. जिथं काल ज्वारीचं रान होतं तिथं आज प्लॉटचे दगड रोवलेले दिसायचे. या सगळ्या नव्या घरांना पुढं कधीतरी पाणी मिळावं म्हणून मोठी पाइपलाइन टाकायची होती, आणि आमचं काम तेच होतं.

नकाशावर पाइपलाइनची रेघ लिंबाच्या खोडातून जात होती. म्हणजे झाड तोडायचं. साहेबांनी, म्हणजे आमच्या ठेकेदाराच्या वरिष्ठ इंजिनिअरांनी, नकाशा माझ्या हातात दिला आणि आखणी करून घे म्हणाले. मी टेप घेऊन गेले तर झाडाखाली एक मावशी इस्त्रीचा गाडा लावून उभ्या होत्या. कोळशाची जड इस्त्री, पाण्याचा लहान डबा, चादरीत बांधलेली कपड्यांची गाठोडी. पैठणकडच्या एका गावातून त्या नवऱ्याबरोबर शहरात आल्या होत्या. नवरा वारल्यावर गाडा त्यांनी एकटीनं चालवला. माझ्या हातातली टेप बघून त्यांनी इस्त्री खाली ठेवली.

"मॅडम, ह्यो तोडणार व्हय?"

मी टेप गुंडाळून परत आले. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं, "सर, लाइन थोडी पश्चिमेला सरकवली तर झाड वाचतंय. चार-पाच फुटांचा प्रश्न आहे."

साहेब हिशेबी होते, पण वाईट नव्हते. झाड तोडायच्या परवानगीला किती दिवस लागतील ते त्यांना माहीत होतं. "सरकव," ते म्हणाले. "पण पाइप खोडाला लागता कामा नये."

मी स्वतः हातानं चुन्याची फक्की मारली. खोडापासून चार फुटांवर पांढरी, सरळ रेघ. इतकी सरळ रेघ मी कॉलेजातही कधी काढली नव्हती. मावशींनी ती बघितली, खोडाकडं बघितलं, आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. त्या दिवसापासून मी ‘मॅडम’ची ‘पोरी’ झाले. कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "ह्या पोरीनं वाचविला लिंब. न्हाय तर आज इथं ऊनच असतं."

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

चर खणायच्या आदल्या दिवशी गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून आले. सरकारी बागेत माळी म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी माझ्या रेघेवर उभं राहून खोडाकडं बघितलं, मग वर फांद्यांकडं.

"बेटा, ये लाइन इधर नक्को," ते म्हणाले. "झाडाचे पाय कापशील तू."

"चाचा, खोडाला हातसुद्धा लावणार नाही आम्ही. चार फूट सोडलेत."

त्यांनी सायकल स्टँडला लावली, खाली बसले आणि पंजा फाकवून जमिनीवर टेकवला. "मुळं कुठं असतात, सांग."

"खाली."

"किती खाली? इथं हातभर माती. मग मुरूम. मुरमाखाली काळा खडक. तो फोडून झाड कुठं जाणार? हे असं जातं." त्यांनी बोटं ताणून आणखी फाकवली. "आडवं. फांद्या जिथपर्यंत दिसतात ना, त्याच्याही पुढं. आणि खोडाजवळची जी जाड मुळं, त्यांनी झाड जमिनीला धरलेलं असतं. तू नेमकी तीच तोडणार."

मी शाळेत काढलेली झाडाची आकृती मला आठवत होती. वर जेवढं झाड, खाली तेवढंच मूळ, सरळ खोल गेलेलं. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, झाडांवर जीव आहे, म्हणून बोलतोय.

"लाइन लांब नेता येत नसेल तर मशीन लावू नको," ते पुढं म्हणाले. "हातानं उकर. जाड मूळ लागलं की त्याला सोड, खालून पाइप सरकव. मुळावर ओलं पोतं टाक. आठ दिवस जास्त लागतील, बस."

"चाचा, मला खणायला दोन दिवस दिलेत. आणि हे झाड तोडायचंच ठरलं होतं. मी वाचवलंय ते."

"बचाया?" ते म्हणाले. उठून सायकलचं स्टँड काढलं. "हौ. अच्छा."

एवढं बोलून ते सायकल घेऊन निघून गेले. मावशी टँकरच्या रांगेत होत्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. आमचं बोलणं ऐकणारं तिथं दुसरं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. फक्कीच्या रेघेवरून त्याचं बकेट खाली गेलं आणि लिंबाजवळ आल्यावर अडकलं. ऑपरेटरनं हिसका दिला. जमिनीखालून फाडल्यासारखा आवाज आला आणि मांडीएवढं जाड मूळ वर आलं, आतून पिवळसर पांढरं, ओलं. इतक्या कोरड्या वर्षात त्याच्यात ओल होती. त्यामागून आणखी निघाली, मनगटाएवढी, बोटाएवढी. ऑपरेटरनं माझ्याकडं बघितलं. "मॅडम, चालू ठेवू का?"

मी घड्याळ बघितलं आणि हो म्हणाले.

संध्याकाळपर्यंत चर लिंबाच्या पुढं गेला होता. पाइप बसला, चौथ्या दिवशी मुरूम ढकलून चर बुजवला. वरून बघणाऱ्याला काही झालंय असं दिसलंही नसतं.

पुढं चैत्रात लिंबाला पालवी आली. नेहमीसारखी तांबूस, मग पोपटी, मग दाट. बारीक पांढरा मोहोर आला आणि त्याचा कडवट गोड वास रस्त्यापर्यंत यायला लागला. मी चाचांना रस्त्यात थांबवलं आणि म्हणाले, "बघितलं का? काही झालं नाही तुमच्या झाडाला."

मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "साठवलेलं खातंय बेटा. आणि पानं म्हणजे वजन. वाऱ्याला धरायला तेवढंच जास्त." मग हळू आवाजात विचारलं, "त्या इस्त्रीवालीचा गाडा कुठं असतो?"

"झाडाखालीच."

"कुठल्या अंगाला?"

"दुपारी सावली पूर्वेला असते, तिकडं."

"उसको बोल, थोडं लांब लाव म्हणून. आमच्याकडं वळवाचं वारं पश्चिमेकडनं येतं."

मी बरं म्हणाले. आणि सांगितलं नाही. विसरले असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होते. पण मी विसरले नव्हते. मावशींना गाडा हलवा म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. जिनं झाड वाचवलं ती पोरगीच सांगणार, की झाडाचा आता भरवसा नाही.

त्यानंतर महिनाभरानं बुजवलेला चर काही ठिकाणी खचला अशी तक्रार आली म्हणून मी तिथं गेले होते. ऊन रणरणत होतं. चौकातल्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी वहीत लिहीत होते. पश्चिमेकडं आभाळ एकदम मातकट झालं, टपरीवरचे पत्रे वाजायला लागले, डोळ्यांत धूळ गेली. ओढणी तोंडावर धरून मी लिंबाकडं बघितलं. मावशी गाड्यावरच्या कपड्यांवर चादर ओढत होत्या.

कडाडून काहीतरी मोडावं असा आवाज झाला नाही. आधी मला जमीन उचललेली दिसली. खोडाच्या पश्चिमेची जमीन, माझ्या चराच्या कडेनं, झाकण उघडावं तशी वर आली. थोडी वर, परत खाली. पुन्हा वर. मी ओरडायला तोंड उघडलं आणि काय ओरडावं ते सुचलं नाही. तिसऱ्या झोताला ती खाली बसली नाही. लिंब सावकाश कलला, अगदी सावकाश, आणि मग एकदम पूर्वेला आडवा झाला.

मी धावले की नाही मला आठवत नाही. मी तिथं पोचले होते एवढं खरं. रिक्षावाले आले, किराणावाला आला, कुणी कुऱ्हाड आणली. पानांत काही दिसत नव्हतं. फांद्यांच्या आतून मावशी एकसारख्या म्हणत होत्या, "इस्त्री काढा, इस्त्री काढा." गाडा उलटला होता आणि इस्त्रीतले निखारे त्यांच्या हातावर सांडले होते. एका बाईनं दारातली भरलेली घागर तशीच उचलून आणली आणि फांद्यांमधून ओतली. चार दिवस पुरवायचं पाणी होतं ते. नंतर दोघींनी आणखी दोन आणल्या.

मावशींना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा उजवा पाय मांडीपासून वेगळ्याच दिशेला पडला होता. त्यांना रिक्षात घातलं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, चला बसा." मी बसले नाही. मी वळून झाडाच्या बुडाकडं गेले.

तिथं जे बघितलं ते मी आजही डोळे मिटले की बघू शकते. पूर्वेकडची मुळं मातीसकट वाकली होती, ताणून तुटली होती, लांब-लांब दशा निघाल्या होत्या. आणि पश्चिमेकडं काही नव्हतं. सगळी मुळं एका रेघेत संपली होती. सरळ, टेपनं मोजल्यासारखी. टोकं काळी पडली होती, सुकली होती. ती आजची जखम नव्हती, माझ्या दोन दिवसांच्या मुदतीतली होती. अर्ध्या मुळांवर ते झाड इतके महिने उभं होतं आणि वर पानं धरत होतं. मी त्या रेघेवर हात ठेवला. 

साहेब अर्ध्या तासात आले. गाडीतून उतरत म्हणाले, "लाइन फुटली नाही ना?"

लाइन फुटली नव्हती. पाइपावर ओरखडासुद्धा नव्हता.

पंचनाम्यात वादळी वाऱ्यानं झाड पडल्याचं लिहिलं गेलं. मला साक्षीदार म्हणून सही करायची होती. मी म्हणाले, "सर, मुळं आपण कापली होती." साहेब शांतपणे म्हणाले, "वारा होता की नाही?" वारा होता. मी सही केली.

तीन दिवसांनी मी सरकारी दवाखान्यात गेले. मावशींच्या पायाला वजन बांधलं होतं, हाताला पांढरी पट्टी. मला बघून त्यांना रडू आलं. "पोरी, आपला लिंब गेला," त्या म्हणाल्या. "तू एवढा वाचविला, पण वारं लई होतं."

मी तेच बोलू दिलं असतं तर बोलणं तिथंच मिटलं असतं. पण माझ्याच्यानं ते ऐकवेना. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. चर, मुळं, चाचा काय म्हणाले, दोन दिवसांची मुदत. मावशी छताकडं बघत ऐकत होत्या. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी फक्त विचारलं, "गाडा हालवायला सांग म्हनले होते चाचा?"

"हो."

"तुला?"

"हो, मावशी."

 शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून डबा उघडत होती, त्याचा आवाज येत होता. मग मावशी म्हणाल्या, "झाडाचं राहू दे. तुझं काम होतं, तू केलंस. पण मला सांगायचं होतं ना गं. मी पल्याड लावला असता गाडा. मला काय, चार पावलं ढकलायचा होता."

त्यात राग नव्हता. खरंच समजून घ्यायला विचारल्यासारखं त्या बोलल्या. मी त्यांच्यासाठी आणलेली संत्री खाटेखाली ठेवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसले.  

मावशी पाच महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागल्या. गाडा त्यांच्या पुतणीनं चालवायला घेतला, चौकात, पत्र्याच्या शेडखाली. मी जायचे तेव्हा त्या चहा द्यायच्या, घरच्यांची चौकशी करायच्या. पण मॅडम म्हणायच्या. पोरी नाही.

पुढच्या हिवाळ्यात दौलताबादकडं जाणाऱ्या बाजूला आमचं दुसरं काम निघालं. पुन्हा पाइपलाइन, आणि मध्ये एक चिंच, लिंबाहून मोठी. पाऊस दुसऱ्या वर्षीही दगा देऊन गेला होता.  मी काम सोडायचं ठरवलं होतं, घरी तसं सांगूनही टाकलं होतं. पण मी सोडलं तर रेघ दुसरं कुणीतरी मारणार होतं. मी चाचांच्या घरी गेले.

"तुम्ही म्हणाला होता ते खरं होतं," मी दारातच म्हणाले.

"मालूम है," ते म्हणाले. "अंदर आओ. चहा घे."

ते माझ्याबरोबर चिंचेपाशी आले. लाइन जेवढी लांब नेता आली तेवढी नेली. तरी फांद्यांच्या घेराखालून काही फूट जातच होती. तेवढ्या भागात जेसीबी आणायचा नाही असं मी साहेबांना सांगितलं. ते चिडले. मी म्हणाले, "मग ही चिंच पडली तर पंचनाम्यावर मी सही करणार नाही." साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि सहा मजूर दिले.

खुरप्यानं आणि कुदळीनं नऊ दिवस खणलं. जाड मूळ लागलं की मजूर हाक मारायचे, चाचा गुडघ्यांवर बसून हातानं माती सारायचे. मुळाखालून भुयार करून पाइप आत सरकवायचा. बोटाएवढी काही मुळं कापावीच लागली, ती चाचांनी धारदार करवतीनं साफ कापली, हिसडू दिली नाहीत. उघड्या मुळांवर पोती टाकली आणि ती ओली ठेवायची म्हणून मी बादली घेऊन घरोघर गेले. पहिल्याच दारात एक बाई माझ्या अंगावर ओरडली. "आम्हाला प्यायला न्हाय आन् तुमी मुळांस्नी घालाय मागता? लाज न्हाय वाटत?" तिचं चुकत नव्हतं. मी रिकामी बादली घेऊन परतले. थोड्या वेळानं तीच बाई डाळ-तांदूळ धुतलेलं गढूळ पाणी घेऊन आली आणि पोत्यावर ओतून गेली. मग रोज सकाळी तिथं असंच पाणी जमायचं. भाजी धुतलेलं, घागर विसळलेलं. काही बायका शेवटपर्यंत शिव्या देतच होत्या.

काम संपलं, चर बुजवला, आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली. तिसऱ्या सकाळी जाऊन बघते तर चिंचेच्या बुंध्याभोवती कंबरेएवढा मुरूम. ट्रॅक्टरवाल्याला माल टाकायला सावलीची मोकळी जागा दिसली, त्यानं दोन ट्रॉल्या रिकाम्या केल्या. मी मजुरांना, ऑपरेटरला, साहेबांनासुद्धा सांगितलं होतं, ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं राहिलं होतं. पुन्हा एका माणसाला सांगायचं राहिलं होतं. मी रडतच चाचांकडं गेले. ते म्हणाले, "रोती कायकू? मुळांचा श्वास कोंडला, एवढंच. उपसून टाक." आम्ही दोघं आणि तीन मजूर दुपारपर्यंत घमेल्यानं मुरूम उपसत होतो. चाचांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं होतं.

चिंच आहे अजून. दक्षिणेकडची एक मोठी फांदी पुढच्याच वर्षी वाळली, ती उतरवली. बाकीची धरून आहे, चिंचा लागतात. तिच्यासाठी पुढं रस्त्यालाही थोडं वळण द्यावं लागलं आणि गाडीवाले त्यासाठी शिव्या घालतात. चाचा आता नाहीत. मावशी पुतणीकडं असतात, त्यांना ऐकू कमी येतं.

मी आता निवृत्त झाले आहे. दर उन्हाळ्यात दुपारी आभाळ मातकट झालं आणि वारं सुटलं, की मी जिथं असेन तिथून झाडाखाली उभ्या असलेल्या माणसांना हाका मारते. भेळवाला, दूध घेऊन निघालेली बाई, मोबाइलवर बोलणारा कुणी. "अहो, जरा इकडं या, झाडाखालनं निघा." बहुतेक जण हसतात. काही जण झाडाकडं वर बघतात आणि म्हणतात, "आजी, चांगलं हिरवंगार तर हाय."

मी त्यांच्याजवळ जाते आणि हाताला धरून त्यांना बाजूला घेते.